लाकडी नौकांच्या प्रतिकृती आणि शाळेतील हस्तकाम
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळाशाळांतून भरणाऱ्या प्रदर्शनांत दोन प्रकारच्या वस्तू पाहावयास मिळतात. एक वस्तू दिसावयास मोठी देखणी, गुळगुळीत आणि रंगीबेरंगी असते. परंतु तिच्यामागे उभ्या असलेल्या मुलास ती कशी तयार झाली हे सांगता येत नाही, कारण ती घरच्या वडीलधाऱ्यांनी केलेली किंवा बाजारातून आणलेली असते. दुसरी वस्तू किंचित वाकडी असते, तिचा एखादा सांधा उघडा पडलेला असतो; परंतु तिचा कर्ता तिच्याविषयी अर्धा तास बोलू शकतो. लाकूड कोठे चिरले, ते कसे सांधले, पहिली डोलकाठी का मोडली, हे सारे तो उत्साहाने सांगतो. परीक्षकांची दृष्टी पुष्कळदा पहिल्या वस्तूवर खिळते. शिक्षकाची दृष्टी मात्र दुसऱ्या वस्तूवर खिळली पाहिजे. हस्तकामाचा हेतू वस्तू निर्माण करणे एवढाच नसून, वस्तू निर्माण करू शकणारे मूल घडविणे हा आहे.

प्रस्तुत भाषणाचा विषय लाकडी नौकांच्या प्रतिकृती हा आहे. जगात अनेक देशांतील हौशी मंडळी वर्षानुवर्षे फावल्या वेळी हे काम करीत आली आहेत, आणि आपल्या अडचणी व युक्त्या एकमेकांस मोकळेपणाने सांगत आली आहेत. त्यांच्या अनुभवातून शाळेने घेण्यासारखे पुष्कळ आहे. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना, प्रत्यक्ष कामात घालवावेत असे सुचविले आहे. त्या दहा दिवसांसाठी एखादे अर्थपूर्ण काम शोधणाऱ्या शिक्षकास लहानशी लाकडी नौका पुष्कळ काही देऊ शकेल.

छोट्या नौकेची थोर परंपरा

प्रतिकृती म्हणजे खेळणे, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या अतिशय सुबक प्रतिकृती तयार होऊ लागल्या. बहुधा त्यांचे प्रमाण एकास अठ्ठेचाळीस असे, म्हणजे मूळ नौकेच्या एका फुटास प्रतिकृतीत पाव इंच. त्यांच्या तळाकडील फळ्या मुद्दाम बसवीत नसत; त्यामुळे आतील फासळ्यांची रचना पाहणाऱ्यास स्पष्ट दिसे. नौकेचे अंतरंग दाखविणारे ते जणू लाकडाचे पाठ्यपुस्तकच होते.

साधनांची उणीव पुढे करणाऱ्यांनी आणखी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. १७९३ ते १८१५ या काळातील युद्धांत पकडले गेलेले हजारो फ्रेंच कैदी इंग्लंडातील तळांवर ठेवलेले होते. पीटरबरोजवळील नॉर्मन क्रॉस हा त्यांपैकी एक. जेवणातील मांसाची उरलेली हाडे उकळून स्वच्छ करावीत आणि ती तासून त्यांतून नौका घडवाव्यात, असा उद्योग त्यांतील कित्येकांनी आरंभिला. या नौका बाजारात विकल्या जात, आणि आज त्या संग्रहालयांतून जतन केलेल्या आहेत. ज्यांच्यापाशी स्वातंत्र्यही नव्हते त्यांनी उष्ट्या हाडांतून नौका उभ्या केल्या. भोवताली बांबू, नारळाची करवंटी आणि सुताराच्या दारातले तुकडे विखुरलेले असता खेड्यातील शाळेने साधनांची चिंता करण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राचा तर या विषयाशी जवळचा संबंध आहे. शिवछत्रपतींनी उभारलेल्या आणि पुढे आंग्र्यांनी वाढविलेल्या आरमारात गुराब व गलबत या दोन प्रकारच्या नौका प्रमुख होत्या. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. गलबत लहान व चपळ, शीड आणि वल्ही या दोहोंवर चालणारे. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ साली सुरतेहून आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या नौकाबांधणी केली. त्या घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली सागवानी लाकडातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईस पाण्यात उतरली. इंग्लंडातील हार्टलपूल येथे ती आजही तरंगती आहे.

या नौकेच्या जन्मकथेत एक बोध आहे. तिचे नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ ही नौका डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत हरली आणि नष्ट झाली. नकाशे मुंबईस पोहोचलेच नाहीत. ते पुन्हा तयार करून पाठवावे लागले आणि कणा बसण्यास १८१६ साल उजाडले. काही वर्षे खोळंबलेली ती नौका दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. यास्तव एखाद्या मुलाची नौका आठवडाभर अडून राहिली तर शिक्षकाने चिंता करू नये.

समुद्रापासून दूर असलेल्या तालुक्यांतील शिक्षकांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु अजिंठ्याच्या लेण्यांपासून समुद्र किती दूर आहे! तरीही तेथील भिंतीवर प्राचीन चित्रकाराने शिडाची नौका रंगविली. पाचव्या शतकातील त्या चित्राच्या आधारे, फळ्या काथ्याच्या दोराने शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका गोव्यात तयार झाली आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. तिचे जुने नकाशे उपलब्ध नव्हतेच. म्हणून चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने आधी तिच्या प्रतिकृतीची पाण्यात परीक्षा घेण्यात आली. चित्रातून प्रतिकृती आणि प्रतिकृतीतून नौका, असा हा मार्ग होता.

आरंभ लहान असावा

हौशी कारागिरांच्या घरी एक गोष्ट हटकून आढळते. ती म्हणजे फळीवर धूळ खात पडलेली अर्धवट नौका. याचे कारण बहुधा एकच असते. पहिल्याच खेपेस तीन डोलकाठ्यांची, शंभर तोफांची भव्य नौका करावयास घेतलेली असते. उत्साह दोन महिन्यांत संपतो आणि काम दोन वर्षांचे असते. म्हणून अनुभवी मंडळी नवशिक्यास पहिला सल्ला देतात तो हा, की पहिली नौका एका डोलकाठीची असावी आणि ती पुरी व्हावी. पुरी झालेली साधी होडी अर्धवट राहिलेल्या आरमारापेक्षा श्रेष्ठ होय.

शाळेसाठी पंधरा मीटर लांब व साडेचार मीटर रुंद असे एक गलबत कल्पून त्याची एकास पन्नास या प्रमाणात प्रतिकृती घ्यावी. म्हणजे लांबी ३० सेंटिमीटर व रुंदी ९ सेंटिमीटर होते. हे गणित शिक्षकाने फळ्यावर करून न देता मुलांकडूनच करवून घ्यावे. ‘त्रिंकोमाली’ची लांबी सुमारे ४५.८ मीटर व रुंदी सुमारे १२.२ मीटर आहे. एकास शंभर या प्रमाणात तिची प्रतिकृती केवढी होईल, हा प्रश्न पाठोपाठ विचारावा. प्रमाणभागाचा धडा पुस्तकात कंटाळवाणा वाटतो. हातात लाकूड असले म्हणजे तोच धडा आवश्यक वाटू लागतो.

लाकूड मऊ असावे. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरतात ते पांगाऱ्याचे लाकूड मुलांच्या हाताला सोपे जाते, सावरीचेही चालते. साग खऱ्या नौकेस उत्तम, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या करवतीस तो दाद देत नाही. हत्यारे थोडीच लागतात: बारीक दातांची करवत, कानस, पटाशी, गिरमिट, गुण्या आणि जाड व बारीक असा दोन प्रकारचा काचकागद. पटाशी नेहमी अंगापासून दूर ढकलावी आणि लाकूड धरणारा हात पात्याच्या मागेच असावा, हा नियम पहिल्या दिवशी सांगावा आणि रोज पाळून घ्यावा.

थरांची नौका

मुलांस साधेल अशी उत्तम पद्धत थरांची आहे. एक सेंटिमीटर जाडीच्या पाच फळ्या घ्याव्यात. नौका आडवी कापली असता प्रत्येक उंचीवर तिचा जो आकार दिसेल, तो एकेका फळीवर काढावयाचा असतो. सर्वांत वरचा आकार मोठा, खालचा निमुळता. आकार काढताना एक युक्ती अवश्य करावी. कागद लांबीत मधोमध दुमडून अर्धाच आकार काढावा आणि दुमडलेलाच कापावा. उघडला की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. नौकेच्या दोन बाजू सारख्या नसल्या तर ती पाण्यात सरळ चालत नाही, आणि हा दोष पुढे कशानेही झाकत नाही.

प्रत्येक फळीवर मधोमध रेघ मारून ती टोकांवरही उतरवावी, म्हणजे फळ्या एकावर एक ठेवताना रेघेशी रेघ जुळविता येते. तळची फळी अखंड ठेवून वरच्या फळ्या आतून कोरून घ्याव्यात. मग पाण्याला टिकणारा गोंद लावून, वर दगडांचे वजन ठेवून, रात्रभर हात लावू नये. दुसऱ्या दिवशी नौकेच्या अंगावर पायऱ्या दिसतील. या पायऱ्यांचे बाहेर आलेले कोपरे तासावयाचे आणि पायरीचा आतला कोपरा जेथे नाहीसा होईल तेथे थांबावयाचे. तोच नौकेचा खरा पृष्ठभाग होय. दोन फळ्यांमधील गोंदाच्या रेषा हा येथे आयता मार्गदर्शक असतो: डाव्या व उजव्या बाजूंच्या रेषा सारख्या वळल्या असतील तर आकार बरोबर साधला. मुलास गुरुजींकडे धावण्याची गरज पडत नाही. चूक कोठे आहे हे लाकूडच त्यास सांगते.

फळ्या मढविण्याची युक्ती

थरांची नौका पुरी करणाऱ्या मुलांस पुढच्या वर्षी आडव्या आडोशांवर पट्ट्या मढविण्याची रीत शिकवावी. यात मध्यभागी कणा, त्यावर ठरावीक अंतरावर आडवे आडोसे आणि त्यांवर बांबूच्या किंवा मऊ लाकडाच्या पातळ पट्ट्या असतात. येथे नवशिक्यांकडून दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे एक बाजू सगळी मढवून मग दुसरी हाती घेणे. त्यामुळे ओली पट्टी वाळताना एकाच अंगास ओढ बसते आणि सारा सांगाडा पिळवटतो. म्हणून एक पट्टी डावीकडे, लगेच तिच्याच जोडीची उजवीकडे, असा क्रम ठेवावा.

दुसरी चूक म्हणजे सर्व पट्ट्या एकसारख्या रुंदीच्या लावणे. नौकेचा घेर मध्यभागी जास्त आणि टोकाशी कमी असतो. समजा, मध्यभागी एका बाजूचा घेर ८ सेंटिमीटर आहे आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे पट्ट्या सोळा झाल्या. पुढच्या टोकाशी घेर केवळ ५ सेंटिमीटर असेल तर त्याच सोळा पट्ट्यांस तेथे प्रत्येकी सुमारे ३ मिलिमीटरच जागा मिळते. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते. हा हिशेब आधी न केल्यास पट्ट्या टोकाशी एकमेकींवर चढतात आणि मूल निराश होते. वाकविण्यापूर्वी पट्टी गरम पाण्यात भिजवून ठेवावी. कोरडी पट्टी जबरदस्तीने वाकवू गेल्यास मोडते.

ज्या गावी होड्या बांधणारा सुतार असेल तेथे त्यास सन्मानाने शाळेत बोलवावे. फायबरच्या होड्या आल्यापासून किनाऱ्यावर अनेक ठिकाणी लाकडी होड्यांची बांधणी मंदावली आहे, आणि ती विद्या कागदावर फारशी उतरलेली नाही. होडीच्या प्रत्येक अवयवास त्या गावात जे नाव आहे ते मुलांनी वहीत लिहून घ्यावे. किनाऱ्यावर गावागणिक ही नावे थोडीफार बदलतात. पुस्तकी शब्दांनी ती पुसून टाकू नयेत. जुन्या कारीगरास शाळेने एक तास दिला तर त्याची विद्या निदान वीस वह्यांत उतरेल.

पाण्यातील परीक्षा

नौका दिसण्यास सुंदर झाली, तरी तिची खरी परीक्षा पाण्यातच असते. स्वीडनमधील ‘वासा’ ही राजवैभवाने नटलेली युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात स्टॉकहोमच्या बंदरात सुमारे तेराशे मीटर जाऊन बुडाली. तिचा वरचा भार जास्त होता. त्यापूर्वी तीस माणसे नौकेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेस पळवून परीक्षा घेतली गेली होती. नौका इतकी हेलकावू लागली की तीन फेऱ्यांतच ती थांबविण्यात आली. दोष दिसला होता, परंतु प्रवास थांबविला गेला नाही. १९६१ साली ती नौका समुद्रतळातून वर काढण्यात आली आणि आज संग्रहालयात आहे. वर्गात ही कथा सांगून शिक्षकाने एवढेच विचारावे: दोष दिसत असता तो बोलून दाखविण्याची मोकळीक आपल्या वर्गातील मुलांस आहे काय?

वजनाचे गणित उद्बोधक आहे. लांबी पन्नासपट कमी झाली म्हणजे वजन पन्नासपट कमी होत नाही. ते लांबी, रुंदी व उंची या तिन्ही अंगांनी घटते, म्हणजे एक लाख पंचवीस हजारपट कमी होते. मूळ गलबत तीस टनांचे धरल्यास प्रतिकृती २४० ग्रॅमची झाली, तरच ती मूळ नौकेइतकी प्रमाणशीर पाण्यात बसेल. पोखरलेला सांगाडा डोलकाठीसह १५० ग्रॅम भरला, तर उरलेले ९० ग्रॅम लोखंडाच्या तुकड्यांच्या रूपाने तळाशी, अगदी खाली ठेवावेत.

इतके करूनही शीड लावताच नौका वाऱ्याने कलंडते, आणि मुलास वाटते की आपलेच काही चुकले. चूक त्याची नसते. वारा प्रतिकृतीसाठी लहान होत नाही. नौका कलंडविणारा जोर शिडाच्या क्षेत्रफळावर व उंचीवर, म्हणजे लांबीच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असतो. तिला सरळ करणारा जोर मात्र वजनावर व त्याच्या अंतरावर, म्हणजे चौथ्या घातावर. म्हणून त्याच वाऱ्यात पन्नासपट लहान नौका मूळ नौकेपेक्षा पन्नासपट दुबळी ठरते. यावर उपाय दोन: शीड लहान करावे, अथवा कण्याखाली खोल जाणारी पातळ पट्टी लावून तिच्या टोकास वजन द्यावे. विज्ञानाचा हा नियम मुलास तळ्याकाठी एकदा कळला की तो जन्मभर विसरत नाही.

तरंगती नौका आतून व बाहेरून व्हार्निशचे दोन हात दिल्याशिवाय पाण्यात सोडू नये. शिडासाठी जुने मऊ धोतर उत्तम. ते चहाच्या फिक्या पाण्यात बुडविले म्हणजे त्यास खऱ्या शिडाचा रंग येतो. दोरीस मेण लावावे, म्हणजे तिचे तंतू उभे राहत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावरील अनेक शिडाच्या नौकांची डोलकाठी किंचित पुढे झुकलेली असते. ती सरळ उभी करून ‘दुरुस्त’ करू नये.

धीर कसा द्यावा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. युक्त्या पुष्कळ सांगता येतात. धीर देणे अवघड असते. पट्टी मोडलेले, गोंद सांडलेले, डोळ्यांत पाणी आणलेले मूल शिक्षकासमोर उभे राहते, त्या क्षणी शिक्षकाच्या हातात दोन मार्ग असतात. एक मार्ग म्हणजे ती नौका घेऊन स्वतः नीट करून देणे. यात वेळ वाचतो, प्रदर्शन साजरे होते. परंतु आपल्याने हे होणार नाही, असे ते मूल मनात कायमचे लिहून ठेवते. दुसरा मार्ग म्हणजे त्यास शेजारी बसवून इतकेच विचारणे: “मोडली ती कोठून मोडली? आता पुढची एकच गोष्ट कोणती करता येईल?” साऱ्या नौकेचा विचार दडपून टाकतो, पुढच्या एका पट्टीचा विचार मुलास पेलतो.

जाणती हौशी मंडळी एकमेकांशी याच रीतीने वागतात. नवशिक्याच्या कामात दहा दोष दिसले तरी ते एका वेळी एकच सांगतात, आणि त्याआधी जे साधले आहे त्याचा नेमका उल्लेख करतात. ‘छान आहे’ या मोघम शब्दांनी कोणाची प्रगती होत नाही. ‘पुढच्या टोकाचे वळण दोन्ही बाजूंना सारखे आले आहे’ हे वाक्य मात्र मुलास आपल्या हाताची ओळख करून देते. ते आपल्या चुकाही लपवीत नाहीत. मोडलेला सांधा दाखवून तो कसा सावरला हे सांगतात, त्यामुळे दुसऱ्यासही धीर येतो. प्रत्येक मुलाने कामाची छोटी वही ठेवावी: आज काय केले, काय बिघडले, उद्या काय करावयाचे. मागची पाने उलटताना आपण केवढी मजल मारली हे त्याचे त्यालाच दिसते.

वर्गात असेही एखादे मूल असते, ज्यास वाचन नीट येत नाही, जे पाठीमागच्या रांगेत गप्प बसते. त्याच्या हातात कानस दिल्यावर कधी कधी असे दिसते, की सबंध वर्गात सर्वांत सरळ रेषा त्याचीच येते. त्या दिवशी इतर मुले त्याच्याभोवती जमतात आणि ‘हे कसे केलेस?’ असे विचारतात. वर्षानुवर्षे केवळ प्रश्न ऐकून मान खाली घालणाऱ्या मुलास प्रथमच उत्तर देण्याचा मान मिळतो. तो मान हिरावला जाऊ नये म्हणून तरी शिक्षकाने मुलांची कामे स्वतः पुरी करून देण्याचा मोह टाळावा.

प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक नौकेजवळ तिची वही ठेवावी आणि परीक्षकांनी आधी वही पाहावी, मग नौका पाहावी. मुलास दोनच प्रश्न विचारावेत: कोठे अडलास, आणि कसा सुटलास? ज्यास उत्तर देता येईल त्याची नौका वाकडी असली तरी ती त्याचीच आहे. शाळेने मुलांस द्यावयाची शिदोरी ती हीच. पुढे त्यांतील फारच थोडे नौका बांधतील; परंतु हाती घेतलेले काम लहान भागांत वाटून, चूक निरखून, पुन्हा हात लावून शेवटास नेण्याची सवय सर्वांच्याच उपयोगी पडेल. येत्या सत्रात प्रत्येक शाळेतून एक तरी नौका अशी निघावी, जिला गुरुजींचा किंवा बाईंचा हात लागलेला नाही, मात्र त्यांचा धीर पावलोपावली लाभलेला आहे.